विदर्भातल्या कातळावरचे नेचे: कुळ कसं ठरवायचं, स्पोर कसे मोजायचे?

कातळफूल_चिखलदरा

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा लघुप्रबंध नेच्यांवर (म्हणजे फर्नवर) आहे. चिखलदरा परिसरातले रस्त्याकडेचे कातळ, गावातल्या जुन्या विहिरी आणि नाले एवढंच क्षेत्र धरलं आहे. पाचवा नमुना तेवढा गोंदियाकडून मागवला.

1. कातळाच्या भेगेत. पान उघडलेल्या पंख्यासारखं, अरुंद पट्ट्यांत चिरलेलं. उंची 8 ते 12 सेंमी.
2. त्याच भेगेत, हातभर अंतरावर. पान त्रिकोणी, खालून पांढरं, भुकटी बोटाला लागते. देठ काळपट, चकचकीत.
3. नाल्याच्या ओल्या दरडीवर. दलं (पानाचे सुटे भाग) अर्धचंद्रासारखी, देठ काळ्या तारेसारखा. पानाचं टोक मातीला टेकलं की तिथे नवं रोप फुटतं.
4. विहिरीच्या चुन्याच्या बांधकामात. दलं लांब, पट्टीसारखी, कडेने तपकिरी रेघ.
5. धानाच्या बांधीतला. मऊ, रसाळ, पानांवरच पिल्लं येतात.

पहिल्याला मयूरशिखा आणि तिसऱ्याला हंसराज म्हणतात एवढं माहीत आहे. अडचण अशी की तीन पुस्तकांत या पाचांची कुळं तीन प्रकारे दिली आहेत. एकात तर पाचांना चार वेगळी कुळं आहेत. कोणतं धरायचं? दुसरं, मार्गदर्शक सरांनी दर स्पोरँजियममधले (बीजाणूंची पिशवी) स्पोर (बीजाणू) मोजायला सांगितले आहेत. ते नेमकं कसं करतात आणि कशासाठी? तिसरं, प्रबंधाच्या नावात "उत्क्रांती" हा शब्द आहे, पण कॉलेजात साधा कंपाउंड मायक्रोस्कोप आहे, पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची सोय) नाही. उत्क्रांतीवर काही खरं काम होऊ शकतं का?

नेचेघर

ताई, तुमचे पाचही नमुने आजच्या वर्गीकरणाप्रमाणे एकाच कुळातले आहेत, टेरिडेसी. लघुप्रबंधाला याहून चांगला संच मिळणं अवघड.

वर्णनावरून 1 ॲक्टिनिओप्टेरिस रेडिएटा, 2 अल्युरिटोप्टेरिस (जाती नंतर ठरवू), 3 ॲडिअँटम फिलिपेन्स, जुन्या पुस्तकांतलं ॲ. लुनुलेटम, 4 टेरिस व्हिटाटा आणि 5 सेराटोप्टेरिस थॅलिक्ट्रॉइडिस. नमुने हातात घेऊन खात्री तुम्हीच करा.

आता कुळांचा घोळ. डोळ्यांना दिसणाऱ्या फरकांवर कुळं पाडायची पद्धत होती तेव्हा सेराटोप्टेरिसला पार्केरिएसी, ॲक्टिनिओप्टेरिसला ॲक्टिनिओप्टेरिडेसी, ॲडिअँटमला ॲडिअँटेसी आणि पांढऱ्या भुकटीवाल्यांना सिनोप्टेरिडेसी अशी घरं दिली गेली. चिनी शास्त्रज्ञ चिंग यांनी 1940 मध्ये जुन्या अवाढव्य पॉलिपोडिएसीचे 33 तुकडे केले, आणि भारतातली बरीच पुस्तकं त्याच वळणाने गेली. त्याच्याही आधीच्या पुस्तकांत सगळंच पॉलिपोडिएसीत असतं. पुढे डीएनएचे पुरावे आले. 2016 मध्ये टेरिडोफाइट फायलोजेनी ग्रुपने जगभरातल्या तज्ज्ञांचं मिळून वर्गीकरण दिलं, त्याला पीपीजी-1 म्हणतात. त्यात नेचे आणि लायकोफाइट (नेच्यांसारखेच स्पोरवाले, पण वेगळ्या वंशाचे) मिळून 51 कुळं, 337 प्रजाती (म्हणजे जीनस) आणि 11,916 जाती आहेत. प्रबंधात हेच धरा, आणि जुनं कुळ प्रत्येक जातीपुढे कंसात लिहा, म्हणजे तोंडी परीक्षेत प्रश्न आला तर उत्तर तयार.

खरी गंमत पुढे आहे. पीपीजी-1 मध्ये टेरिडेसीची पाच उपकुळं आहेत, त्यातली चार तुमच्या टेबलावर पडली आहेत. 1 आणि 4 टेरिडॉइडी, 2 कायलँथॉइडी, 3 व्हिटारिऑइडी, 5 पार्केरिऑइडी. पाचवं क्रिप्टोग्रॅमॉइडी, त्यातल्या क्रिप्टोग्रॅमासाठी हिमालय गाठावा लागतो.

म्हणजे एकाच भेगेत हातभर अंतरावर उगवणारे 1 आणि 2 एकमेकांचे जवळचे नातेवाईक नाहीत. मयूरशिखेचं जवळचं नातं ओनिकियम या नेच्याशी आहे, आणि थोडं दूरचं विहिरीतल्या टेरिसशी. दोघेही उन्हाळ्यात वाळून गुंडाळतात, पहिल्या पावसात उलगडतात, दोघांचीही पानं चामड्यासारखी. कोरड्या कातळावर टिकायची ही रीत दोन घराण्यांनी वेगवेगळी कमावली आहे. तुमच्या प्रबंधाचा कणा मी तरी हाच धरेन: दिसण्यातलं साम्य कुठे नात्याचं आणि कुठे कोरडेपणाचं, हे एका कुळात वेगळं करून दाखवणं.

देठाचा_काप

वरच्याशी सहमत. पण "डीएनएने सांगितलं म्हणून एक कुळ" एवढ्यावर थांबू नका, साध्या मायक्रोस्कोपखालीही ते दिसतं.

पाचही नमुन्यांची पानाची कड सुईने उलटून पाहा. खरं इंड्युझियम, म्हणजे शिरेवरून फुटलेला वेगळा पापुद्रा, एकालाही नाही. सगळ्यांनी स्पोरँजियमवर पानाचीच कड दुमडली आहे. मात्र दुमडीखालची मांडणी प्रत्येकाची वेगळी. टेरिसमध्ये कडेलगत धावणाऱ्या सलग शिरेवर स्पोरँजियम येतात, म्हणून ती अखंड तपकिरी रेघ दिसते. अल्युरिटोप्टेरिसमध्ये शिरांच्या टोकांवर ठिपके असतात. सेराटोप्टेरिसमध्ये शिरेवर एकेक सुटं स्पोरँजियम बसतं. ॲडिअँटम सगळ्यांत वेगळं: स्पोरँजियम पानाच्या अंगावर नसून दुमडलेल्या फडक्याच्याच आतल्या बाजूला चिकटलेले असतात. फडकं पूर्ण उलटलं की ते त्याच्याबरोबर उलटून येतात. एवढी एक खूण घट्ट धरली तर ॲडिअँटम कधी चुकत नाही.

दुसरी खूण देठाचा काप. काप अगदी बुंध्याशी घ्यायचा, रायझोमपासून (नेच्याचं आडवं खोड) सेंटिमीटरभर वर. मध्यावर घेतला तर वाहिनी-पुंजांची (पाणी-अन्न वाहणाऱ्या नळ्यांचे जुडगे) संख्या बदललेली असते आणि सगळी तुलना बिघडते. ताज्या देठाचा पातळ आडवा काप, सॅफ्रॅनिनमध्ये दोन-तीन मिनिटं, पाण्यात धुऊन ग्लिसरीनमध्ये. टेरिसमध्ये एकच पुंज दिसतो, यू किंवा व्ही अक्षरासारखा वळलेला. नाल्याकाठचा एखादा ख्रिस्टेला (दुसऱ्या कुळातला नेचा) चुकून संचात आला असेल तर बुंध्याशी दोन पट्ट्या दिसतील आणि वर त्या जुळून यू होईल. शिवाय त्याच्या दलांच्या मधल्या शिरेवर सुईसारखे पांढरे केस असतात. ॲस्प्लेनियममध्ये दोन पुंज पाठीला पाठ लावून बसतात, वर ते जुळून एक्स होतो. टेक्टेरियात वर्तुळात बरेच पुंज.

स्पोरचा आकारही टिपा. टेरिडेसीचे स्पोर बहुतेक तिधारी, म्हणजे वर वाय अक्षरासारखी खूण असलेले. ख्रिस्टेला, ॲस्प्लेनियम, टेक्टेरिया यांचे घेवड्याच्या दाण्यासारखे, एका रेघेचे. एवढ्यावरही कुळांची मोठी चाळणी होते.

नेचेघर

नमुन्यांबद्दल एक महत्त्वाचं राहिलं. पावसाळ्यात नमुने कुजू नयेत म्हणून बरेच जण वर्तमानपत्रात गुंडाळून स्पिरिट शिंपडतात. 2 नंबरवर ते करू नका. पांढरी भुकटी फ्लॅव्होनॉइड प्रकारच्या द्रव्यांची असते, अल्कोहोलमध्ये विरघळते. शीट (नमुना चिकटवलेला कागद) तयार होते तेव्हा पानाची खालची बाजू हिरवी-तपकिरी दिसते आणि पुढचा माणूस त्याला साधा कायलँथिस म्हणून मोकळा होतो. जुन्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह) अशी फसवी शीट असू शकते, तेव्हा तुलना करताना भान ठेवा. स्पिरिटात भिजलेल्या पानातून डीएनएही नीट निघत नाही.

नमुना कसा हवा: रायझोमचा तुकडा खवल्यांसकट, एक पूर्ण पक्व फर्टाइल (स्पोर असलेलं) पान, एक स्टराइल (बिनस्पोरचं) पान. दोन पानं शीटवर उलटसुलट लावा, एक वरची बाजू, एक खालची. वीसपेक्षा कमी झाडं असतील तिथे उपटू नका, फोटो आणि एक पान पुरे. अल्युरिटोप्टेरिसची जाती ठरवायला देठाचे खवले लागतात: एकरंगी आहेत की मध्ये गडद पट्टा आणि कडा फिकट, आणि देठावर कुठवर चढले आहेत. नुसतं वरचं पान तोडून आणलं की हा नमुना प्रजातीपुढे सरकतच नाही. भारतातल्या जुन्या याद्यांत याला सरसकट "कायलँथिस फॅरिनोसा" लिहिलेलं असतं. त्या नावाचा मूळ नमुना येमेनचा आहे, आणि आपल्याकडच्या झाडांच्या नंतर वेगळ्या जाती केल्या गेल्या. म्हणून यादीतलं नाव उचलून लिहू नका.

दाबताना पहिले तीन दिवस रोज कागद बदला. ऑगस्टच्या दमट हवेत कागद सकाळी कोरडा वाटला तरी दुपारी ओलसर असतो. मध्ये खोक्याचा नळीदार पुठ्ठा घाला आणि खालून बल्बची ऊब द्या, 45 ते 50 अंशांच्या वर नको. किडीसाठी मर्क्युरिक क्लोराइड अजूनही कुठे कुठे वापरतात. ते जहाल विष आहे, शीट हाताळणाऱ्या प्रत्येकाला वर्षानुवर्षं धोका राहतो. त्यापेक्षा प्लास्टिकमध्ये सीलबंद करून उणे 20 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा.

डीएनएसाठी त्याच पानाचा 2-3 चौरस सेंमी तुकडा चहाच्या रिकाम्या पिशवीत घालून सिलिका जेलमध्ये टाका, तुकड्याच्या दहापट वजन जेल. दिवसभरात तो कुरकुरीत व्हायला हवा. नाही झाला तर जेल बदला, वाट पाहू नका. आज पीसीआर नसलं तरी हा तुकडा पुढे उपयोगी पडतो. शीटचा आणि तुकड्याचा क्रमांक एकच ठेवा.

आणि परवानगी. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत एक पानही लेखी परवानगीशिवाय तोडायचं नाही. मुख्य वन्यजीव रक्षकांचं कार्यालय नागपूरला आहे, अर्ज विभागप्रमुखांच्या पत्रासह जातो आणि वेळ लागतो. रस्त्याकडेच्या वनजमिनीलाही वन विभागाला विचारावंच लागतं. गावातली विहीर, खासगी बांध इथे मालकाला विचारलं की काम होतं.

स्पोरमोजणी

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो.

नेहमीच्या नेच्यात एका स्पोरँजियममध्ये 16 मातृपेशी असतात, प्रत्येकीचे विभाजनाने चार, म्हणून 64 स्पोर. काही झाडांत शेवटचं साधं विभाजन अर्ध्यावर राहतं आणि 16 ऐवजी 8 मातृपेशी होतात, पण प्रत्येकीत गुणसूत्रं दुप्पट. त्यांचे 32 स्पोर होतात, आकाराने मोठे, आणि त्यात आईएवढीच गुणसूत्रं असतात. असा स्पोर रुजला की त्याच्या प्रोथॅलसवर (स्पोरमधून उगवणारं छोटं हिरवं रोप) फलन न होताच नवं झाड उठतं. याला अपोगॅमी म्हणतात. नेच्यांच्या शुक्रपेशीला अंडपेशीपर्यंत पोहायला पाण्याचा पापुद्रा लागतो, आणि कोरड्या कातळावर तो दिवसेंदिवस मिळत नाही. कायलँथॉइड गटात अपोगॅमी इतकी का दिसते, याचं एक सरळ उत्तर हे आहे. म्हणून सरांनी सांगितलेली मोजणी म्हणजे उत्क्रांतीचंच काम आहे.

कृती:

पान असं निवडा की काही सोरस (स्पोरँजियमचे पुंजके) गडद तपकिरी झालेत पण फुटलेले नाहीत. एकाच पानावर खालची दलं आधी पिकतात, टोकाची नंतर, त्यामुळे मधल्या भागात हवा तो टप्पा सापडतो. स्लाइडवर ग्लिसरीनचा छोटा थेंब. स्टिरिओ किंवा चांगल्या भिंगाखाली सुईने एकच न फुटलेलं स्पोरँजियम त्यात सोडा. आजूबाजूला दुसरा स्पोर नाही याची खात्री करा. कव्हरस्लिप ठेवून सुईच्या मागच्या टोकाने हलकं दाबा. कवच फुटतं, स्पोर पसरतात. 10एक्सखाली मोजा. दर झाडाची निदान 15 स्पोरँजियम, दर ठिकाणची पाच झाडं.

चुका कुठे होतात: ग्लिसरीन जास्त झालं की स्पोर कडेला वाहून जातात आणि 64 चे 50 होतात. फुटलेलं स्पोरँजियम घेतलं तरी तेच. 64 च्या जवळपासचा आकडा पुन्हा पुन्हा आला तर तो 64 धरा, पण 32 आणि 64 च्या मधोमध येणारे आकडे तसेच लिहा, दुरुस्त करू नका.

एक सापळा खास तुमच्यासाठी. 5 नंबर, सेराटोप्टेरिस. याच्या स्पोरँजियममध्ये मुळातच 32 किंवा 16 स्पोर असतात, लैंगिक प्रजनन चालू असूनही. स्पोरही प्रचंड, 100 मायक्रॉनच्या आसपास. तिथे 32 पाहून अपोगॅमी लिहिलं तर बाहेरचे परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतील.

आकार मोजताना आधी ऑक्युलर मायक्रोमीटर स्टेज मायक्रोमीटरशी जुळवून घ्या, आणि प्रत्येक ऑब्जेक्टिव्हला वेगळं जुळवा. 30 तरी स्पोर मोजा. चुरगळलेले, पोकळ स्पोर मोजमापात घेऊ नका, पण त्यांची टक्केवारी वेगळ्या रकान्यात लिहा.

आणि ग्लिसरीन घालायच्या आधी एक पिकलेलं स्पोरँजियम कोरड्या स्लाइडवर, दिव्याच्या उबेत, नुसतं पाहा. पाठीच्या कण्यासारखी जाड भिंतींच्या पेशींची ओळ दिसते, ती ॲन्युलस. पेशींतलं पाणी आटत जातं तशी ती हळूहळू मागे वळते, पूर्ण उलटी होते, स्पोर कडेवर घेऊन थांबते. मग एका क्षणी आतल्या पाण्याचा ताण तुटतो, ॲन्युलस फाडकन पुढे येतो आणि स्पोर दृष्टिक्षेत्राबाहेर. हे पाहिल्यावर ॲन्युलस उभा की तिरका यावर गण का ठरतात ते पाठ करावं लागत नाही. गडचिरोलीकडून लायगोडियम मिळालं तर शेजारी ठेवा, त्याचा ॲन्युलस टोकावर टोपीसारखा असतो. त्याची वेल म्हणजे खोड नव्हे, एकच पान मीटर-मीटर वाढत गेलेलं असतं.

कातळफूल_चिखलदरा

फार फार आभार. आठवडाभर मोजलं. 4 नंबरला सगळीकडे 60 ते 64. 3 नंबरला दोन ठिकाणी वेगळं निघालं: नाल्याच्या दरडीवरच्या पाचही झाडांत 32, स्पोर मोठे. विहिरीजवळच्या तीन झाडांत 64, स्पोर लहान. बाहेरून दोन्ही झाडं निरा सारखी आहेत. 2 नंबरला 32 आहेत पण जवळपास निम्मे चुरगळलेले. मग 3 च्या दोन जाती धरायच्या का? आणि 2 चे चुरगळलेले म्हणजे माझीच चूक का?

स्पोरमोजणी

3 चं निरीक्षण उत्तम आहे, आणि अपेक्षित आहे. ॲडिअँटम फिलिपेन्समध्ये भारतातूनच तीन पातळ्या नोंदलेल्या आहेत: 30 च्या पटीत द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच; एन, म्हणजे स्पोरमधली गुणसूत्रं, 30), चतुर्गुणित (एन 60) आणि त्रिगुणित अपोगॅमस, ज्यात 90 गुणसूत्रं स्पोरमध्येही 90 च राहतात. तुमची दरडीवरची झाडं बहुधा तिसऱ्या गटातली. लगेच दोन जाती करू नका. प्रबंधात "32-स्पोर रूप" आणि "64-स्पोर रूप" लिहा, दोन्हीची वेगळी शीट करा.

64 वालं द्विगुणित की चतुर्गुणित हे मोजणीतून कळत नाही, गुणसूत्रंच पाहावी लागतील. सोरस हिरवट-पांढरे असतानाच पानाचा तुकडा 3 भाग अल्कोहोल, 1 भाग ॲसिटिक ॲसिडमध्ये 24 तास ठेवा, मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये. स्पोरँजियमचं 1 टक्का ॲसिटोकार्मिन रंगात स्क्वॅश, म्हणजे दाबून पसरवणं. तपकिरी झाकलेल्या सोरसमध्ये शोधत बसू नका, तिथे विभाजन संपलेलं असतं. पहिल्या वीस स्लाइड वाया जातात, धीर धरा.

2 चे चुरगळलेले: आधी पान कच्चं नव्हतं ना ते पाहा, कच्चे स्पोर ग्लिसरीनमध्ये आकसतात. पिकलेल्या पानातही निम्मे पोकळ निघाले तर संकर किंवा अपोगॅमस झाडातलं बिघडलेलं विभाजन, दोन्ही शक्यता. अपोगॅमस झाडांतही सगळी स्पोरँजियम यशस्वी होत नाहीत.

अपोगॅमीची खरी परीक्षा स्पोर पेरून. बागेची माती आणि वाळू समभाग, प्रेशर कुकरमध्ये शिट्टीच्या दाबावर अर्धा तास. गार झाल्यावर पारदर्शक झाकणाच्या डब्यात दोन सेंमी थर, उकळून गार केलेलं पाणी. स्पोर अगदी विरळ पेरा, चिमटीतून कागदावर घेऊन कागद टिचकीने हलवा. दाट पेरले की प्रोथॅलस एकमेकांवर चढतात, बुरशी येते आणि कुठलं काय ते कळत नाही. 22 ते 25 अंश, खिडकीचा उजेड, थेट ऊन नाही. दोन-तीन आठवड्यांत हिरवे तंतू, दोन-अडीच महिन्यांत बदामाच्या आकाराचे प्रोथॅलस.

आता दोन डबे करा. एकाला आठवड्यातून दोनदा वरून पाणी फवारा. दुसऱ्याला पाणी फक्त खालून, ताटलीतून चढू द्या आणि झाकणावरचे थेंब आत पडू देऊ नका. दुसऱ्या डब्यातही रोपं उठली, आणि प्रोथॅलसच्या खालच्या बाजूला अँथेरिडियम (शुक्रपेशींचे अवयव) दिसतात पण आर्किगोनियम (अंडपेशींचे अवयव) दिसत नाहीत, तर अपोगॅमी पक्की. नुसता एक प्रोथॅलस वेगळा काढून वाढवणं हा पुरावा नाही, कारण लैंगिक झाडाचा प्रोथॅलसही स्वतःच्याच शुक्रपेशीने फळू शकतो.

सिपनाकाठ

एक मत मांडतो. अलीकडे काही जण कायलँथिस, अल्युरिटोप्टेरिस, डोरिओप्टेरिस वगैरे सगळं एकाच हेमिओनायटिस प्रजातीत घालतात. नावांचा घोळच मिटतो. ताईंनी तेच का धरू नये?

नेचेघर

मिटत नाही, आत ढकलला जातो. अडचणीचं मूळ खरं आहे: कायलँथिस ही जुनी प्रजाती एका वंशाची नाही. दुमडलेली कड, बारीक चिरलेलं पान, चामडी पोत ही कोरड्या जागेची लक्षणं पाहून जगभरची झाडं तीत भरली, आणि 1990 च्या दशकात आरबीसीएल हे क्लोरोप्लास्टमधलं जनुक पाहिल्यावर ती वंशवृक्षाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर विखुरलेली निघाली. त्यावर दोन उपाय: सगळं एकत्र करा किंवा एकवंशी तुकडे करा. पण एकत्र केल्यावर भुकटीवाले, बिनभुकटीचे, हृदयाकार अखंड पानाचे, सगळे एका नावाखाली येतात आणि शेतात उभं राहून त्या प्रजातीचं वर्णन करता येत नाही. पीपीजी-1 ने वेगळ्या प्रजाती ठेवल्या आहेत. हृदयाकार पानाच्या, पूर्वी हेमिओनायटिस अरिफोलिया म्हटल्या जाणाऱ्या आपल्या नेच्याला त्यात पॅराहेमिओनायटिस म्हणतात. प्रबंधात एकच पद्धत धरा आणि पहिल्या पानावर ती कोणती ते लिहा. दोन्हींची सरमिसळ झाली तर तक्ते जुळणार नाहीत.

फांदीफांदी

तिसऱ्या प्रश्नावर कोणी आलं नाही म्हणून लिहितो. पीसीआर नसताना उत्क्रांतीचं काम होतं, कारण नेच्यांच्या वंशावळीचं झाड आधीच बांधलेलं आहे. फर्न ट्री ऑफ लाइफ नावाचा संच मोफत उतरवता येतो, त्यात साडेपाच हजारांच्या आसपास जाती आहेत. आर सॉफ्टवेअरमधल्या एप पॅकेजने त्यातून फक्त तुम्हाला हव्या त्या टेरिडेसीच्या जाती ठेवा, बाकी छाटा. बाहेरचा गट (तुलनेसाठी कुळाबाहेरची जाती) म्हणून डेनस्टेटिएसीतलं टेरिडियम घ्या. मग तक्ता करा: जाती, जागा (कातळ, ओली दरड, पाणी), पान वाळून पुन्हा उलगडतं का, भुकटी, स्पोर 32 की 64. ही लक्षणं झाडावर मांडली की "कोरडेपणा किती वेळा स्वतंत्रपणे आला" याचं उत्तर आकड्यात मिळतं. मेस्क्विट नावाचं सॉफ्टवेअर हे काम माऊसने करून देतं, ते साध्या लॅपटॉपवर चालतं.

दोन गोष्टी बिघडतात. एक, संचातली नावं आणि तुमची नावं जुळत नाहीत, तेव्हा समानार्थी नावांचा तक्ता आधी करा. दोन, सार्वजनिक संग्रहात "कायलँथिस फॅरिनोसा" नावाने असलेला डीएनए-क्रम आफ्रिकेतला आहे की चीनमधला हे व्हाउचर (तो ज्यातून काढला तो नमुना) पाहिल्याशिवाय घेऊ नका. चुकीच्या नावाचा क्रम झाडावर बरोब्बर जागी बसतो, फक्त तुमचा निष्कर्ष चुकतो.

पुढे कधी सिलिकातले तुकडे विद्यापीठात नेलेत तर आरबीसीएल, सुमारे 1,300 अक्षरं, हेच आधी करा. नेच्यांत चिकट शर्करा आणि पॉलिफिनॉल जास्त, म्हणून सीटीएबी बफरमध्ये (डीएनए काढायचं द्रावण) 2 टक्के पीव्हीपी (पॉलिफिनॉल धरून ठेवणारं द्रव्य) घालायला सांगा, नाहीतर गोळा तपकिरी निघतो आणि पीसीआर अडतं. या जनुकात जवळजवळ कधीच अक्षरं गाळलेली किंवा घुसलेली नसतात. जुळवणीत मध्येच भोक दिसलं तर वाचन चुकलंय. आणि क्लोरोप्लास्ट आईकडून येतो. तुमचं त्रिगुणित ॲडिअँटम संकरातून आलं असेल तर आरबीसीएल फक्त आई दाखवेल, बाप दाखवणार नाही. त्यासाठी केंद्रकातलं जनुक लागतं.

कामठी_थर

प्रबंधात पार्श्वभूमीचं प्रकरण लिहाल तेव्हा आपल्या जमिनीला विसरू नका, आणि एक नेहमीची चूक टाळा. कामठीच्या थरांतलं (नागपूरजवळचे जुने खडक) ग्लोसोप्टेरिस. नावात "प्टेरिस" आहे, 1828 मध्ये ब्राँनियार यांनी ते नाव दिलं तेव्हा नेचाच समजले होते, जिभेसारख्या पानाचा. स्टीफन हिस्लॉप यांनी 1850 च्या दशकात नागपूर परिसरातून त्याचे नमुने गोळा केले. पण ग्लोसोप्टेरिसला बिया होत्या, ते बीजधारी झाड आहे. नेच्यांच्या वंशावळीत त्याला टाकू नका.

खरे नेचे हवे असतील तर छिंदवाडा जिल्ह्यातल्या, आपल्या सीमेलगतच्या सौसर आणि मोहगाव कलान इथल्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या चर्टकडे (गारगोटीसारखा खडक) पाहा. बिरबल साहनी आणि राव यांनी 1943 मध्ये सौसरहून ॲझोला इंटरट्रॅपिया वर्णन केला. तो सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाकाळातला पाणनेचा, आणि त्याचा भाऊबंद ॲझोला पिनाटा आजही भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत आणि बोड्यांत तरंगतो.

कालमापनाबाबत: आजचे बहुसंख्य नेचे ज्या पॉलिपॉड गटात येतात त्याचा फैलाव क्रेटेशियस काळात, सपुष्प झाडांचं रान वाढल्यानंतर झाला, असं 2004 मध्ये श्नायडर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. म्हणजे "नेचे म्हणजे प्राचीन अवशेष" हे वाक्य लायगोडियम, ऑफिओग्लोसमसारख्या जुन्या घराण्यांना लावा, तुमच्या टेरिडेसीला सरसकट नको. त्या रानाच्या सावलीतल्या जगण्याशी जोडलेलं निओक्रोम हे मंद उजेड टिपणारं जनुक नेच्यांना हॉर्नवर्टकडून (शेवाळासारखी छोटी वनस्पती) मिळालं, असं 2014 चं संशोधन सांगतं. सिलॅजिनेला आणि आयसोइटिस मात्र नेच्यांत मोजू नका, ते लायकोफाइट. इक्विसेटम उलट नेच्यांतच येतं.

कातळफूल_चिखलदरा

सगळं उतरवून घेतलं. एकच शेवटची शंका. स्पोर ऑक्टोबरमध्ये पेरले तर रोपं यायला मार्च उजाडेल, आणि इथे खोलीत एसी नाही. खाली गावात 44-45 अंश जातं. डबे कुठे ठेवू?

स्पोरमोजणी

ऑगस्टच्या शेवटी पिकलेल्या पानांचे स्पोर सप्टेंबरातच पेरा, महिना वाचतो. पान कागदाच्या पाकिटात कोरड्या जागी दोन दिवस ठेवलं की स्पोर गळतात, प्लास्टिकमध्ये ठेवू नका. उरलेले पाकिटात बंद करून फ्रीजमध्ये राहू द्या, पहिली पेरणी बुरशीने गेली तर उपयोगी पडतील.

मार्चनंतर डबे दोन माठांच्या जुगाडात ठेवा: मोठा माठ, त्यात ओली वाळू, वाळूत छोटा माठ, तोंडावर काच आणि काचेवर पातळ पांढरं कापड. उत्तरेच्या भिंतीशी, दाराच्या झुळकेत. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवा. बाहेरची हवा कोरडी असेल तेवढा माठ जास्त गार राहतो, आपल्या एप्रिल-मेला हे जमतं. जूनची दमट हवा सुरू झाली की बंद पडतं, पण तोवर बाहेरचं तापमानही उतरलेलं असतं. कूलरच्या थेट झोतात डबे ठेवू नका, टाकीतल्या पाण्यातली शेवाळं आणि बुरशी आत जातात. आणि खालून पाणी देण्याच्या डब्याला माठात जागा वेगळी ठेवा, काचेवरचे थेंब त्याच्यावर पडले तर सगळा प्रयोग पुन्हा करावा लागेल.